अंकल रीमसला कुलूप कशाला?

प्रति,
संचालक मंडळ, द वॉल्ट डिस्ने कंपनी,
बरबँक, कॅलिफोर्निया.



तुमच्या एका जुन्या चित्रपटाबद्दल हे पत्र आहे. कोणता, ते तुम्ही ओळखलंच असेल. १२ नोव्हेंबर १९४६ ला अटलांटा शहरातल्या फॉक्स थिएटरमध्ये ज्याचा पहिला खेळ झाला, पुढची चाळीस वर्षं जो तुम्ही पुन्हा पुन्हा थिएटरांत लावलात, आणि १९८६ नंतर जो अमेरिकेत ना कॅसेटवर आला, ना डीव्हीडीवर, ना डिस्ने प्लसवर, तो 'साँग ऑफ द साऊथ'. २०२० च्या मार्चमध्ये भागधारकांच्या सभेत विषय निघाला तेव्हा तुमचे त्या वेळचे कार्यकारी अध्यक्ष बॉब आयगर यांनी तो तिथल्या तिथे मिटवला. इशाऱ्याची पाटी लावूनसुद्धा हा चित्रपट येणार नाही, आजच्या जगात तो योग्य नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता.

चित्रपट आक्षेपार्ह आहे हे मला मान्य आहे. तो अलीकडे कधीतरी आक्षेपार्ह झाला, ही तुमची सोयीची समजूत मात्र मान्य नाही. तो पहिल्या दिवसापासून तसाच होता आणि पहिल्या दिवसापासून तुम्हाला तसं सांगितलं जात होतं.

जुन्या चित्रपटाला आजच्या मापानं मोजावं का, हा वाद आमच्याकडेही अधूनमधून पेटतो. एक पक्ष म्हणतो, तो काळच तसा होता. दुसरा म्हणतो, असेल, म्हणून आम्ही का चालवून घ्यायचं? भांडताना दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात, की त्या काळी ते सगळ्यांना चालत होतं. तुमच्या चित्रपटापुरतं बोलायचं तर हे साफ खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचे कागद शिल्लक आहेत.

जॉर्जियातल्या मळ्याची उठाठेव मराठी माणसानं का करावी, असं तुम्हाला वाटेल. तर थोडं जुनं सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या माणसांना, ज्यांनी काळ्या गुलामांना सोडवण्यासाठी झीज सोसली त्यांना. ज्या पुस्तकावरून तुमचा चित्रपट निघाला ते जोएल चँडलर हॅरिस यांचं अंकल रीमसच्या गोष्टींचं पुस्तक १८८० चं. म्हणजे तुमचा रीमस छापला जाण्याच्या सात वर्षं आधी तुमच्याकडच्या गुलामगिरीबद्दल मराठीत लिहून झालं होतं. उठाठेव जुनीच आहे.

हे पत्र खुलं असल्यामुळे तुमच्याखेरीज इतरही वाचतील आणि त्यातल्या बहुतेकांनी चित्रपट पाहिलेला नसेल. (पाहणार कुठून?) त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. जॉनी नावाचा लहान गोरा मुलगा आईवडिलांबरोबर जॉर्जियातल्या आजीच्या मळ्यावर येतो. वडील वर्तमानपत्रवाले, ते लगेच अटलांटाला परततात. आईवडिलांचं बिनसलंय हे मुलाला न सांगता कळतं. तो रात्री घरातून पळून जायला निघतो आणि त्याला भेटतो अंकल रीमस, मळ्यावरच्या खोपटात राहणारा काळा म्हातारा. रीमस त्याला ससेभाऊ, कोल्होबा आणि अस्वलाच्या गोष्टी सांगतो. गोष्टींपुरता पडदा अॅनिमेशनचा होतो. पुढे आईला वाटतं की या गोष्टींनी पोरगं बिघडतंय, ती रीमसला बंदी घालते. दुखावलेला म्हातारा बोचकं बांधून निघतो, त्याला गाठायला जॉनी कुरणातून धावतो आणि बैल त्याला उडवतो. बेशुद्ध मुलगा हाक मारतो ती रीमसला. रीमस येतो, गोष्ट सांगतो, मुलगा डोळे उघडतो. शेवटी म्हातारा, मुलं आणि चितारलेले प्राणी डोंगरावरून गात गात जातात.

वाचताना यात वावगं काय, असं वाटलं तर नवल नाही. वाईट आहे ते कथेच्या कडेकडेला. मळ्यावरची काळी माणसं कामावर जाताना गातात, कामावरून येताना गातात, मालकिणीचा नातू आजारी पडला की वाड्याबाहेर जमून गातात. त्यांना स्वतःचं दुःख नाही. रीमसला बायको नाही, मुलं नाहीत, मालकिणीच्या नातवाखेरीज त्याला जगात कुणी नाही. ही माणसं गुलाम आहेत की मुक्त झालेली, हे चित्रपट एका शब्दानं सांगत नाही. कथा यादवी युद्धानंतरची आहे असं तुमची कंपनी नंतर सांगत राहिली, पण पडद्यावर साल कुठेच नाही. तुमच्याच सिनेउद्योगाच्या सेन्सॉर कचेरीनं, म्हणजे जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयानं, पटकथा वाचून सुचवलं होतं की सुरुवातीला काळ १८७० च्या दशकातला आहे हे स्पष्ट दाखवा. ते एवढंसं कामसुद्धा झालं नाही. सल्लामसलतीसाठी बोलावलेले काळे नट क्लॅरेन्स म्यूज काळी पात्रं जरा मानानं उभी करा म्हणून सांगत होते. ते कुणी मनावर घेईना, तेव्हा ते बाहेर पडले आणि त्यांनी काळ्यांच्या वर्तमानपत्रांना कळवलं. हे सगळं चित्रपट पडद्यावर येण्याच्या आधीचं. तेव्हा अजाणतेपणाची सबब तुम्हाला घेता येणार नाही.

आता १९४६ हे साल जरा जवळून बघू. महायुद्ध संपून वर्ष झालं होतं, काळे सैनिक गणवेशात घरी परतले होते. फेब्रुवारीत आयझॅक वुडर्ड या नुकत्याच सेवेतून सुटलेल्या सैनिकाला साऊथ कॅरोलायनात पोलिसांनी मारून कायमचं आंधळं केलं. २५ जुलैला खुद्द जॉर्जियात, अटलांटापासून शंभरेक किलोमीटरवर मूर्स फोर्ड पुलाजवळ जमावानं दोन काळ्या जोडप्यांना गोळ्या घातल्या. त्यातला एक पुरुष युद्धावरून आलेला होता. त्या खुनांबद्दल कुणालाही कधी शिक्षा झाली नाही. आणि चार महिने व्हायच्या आत त्याच राज्याच्या राजधानीत, दिव्यांच्या लखलखाटात, सुखी मळ्याचा हा चित्रपट लागला. त्या काळच्या नजरेनं बघा म्हणता? बघितलं. त्या नजरेनं तर तो जास्तच वाईट दिसतो.

आणि त्या काळची नजर बोललीही. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे प्रमुख वॉल्टर व्हाइट यांनी नोव्हेंबरातच वर्तमानपत्रांना तार केली. संगीत आणि तंत्र यांचं त्यांनी मोकळेपणानं कौतुक केलं, आणि मालक-गुलामांचं नातं जणू स्वर्गीय होतं असा भास हा चित्रपट निर्माण करतो, असं स्वच्छ सांगितलं. (खरं तर व्हाइट यांनी स्वतः तो पाहिला नव्हता, कचेरीतल्या सहकाऱ्यांनी पाहून टिपणं दिली होती. काळ गुलामगिरीचाच आहे असं त्यांनी धरलं, यावरून तुमचे बचावकर्ते आजही त्यांना हसतात. साल न सांगण्याचं काम कुणी केलं होतं?) न्यूयॉर्कमध्ये नॅशनल निग्रो काँग्रेसच्या लोकांनी थिएटरबाहेर निदर्शनं केली. गोऱ्या वाचकांच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बॉस्ली क्राउदर यांनी थेट वॉल्ट डिस्ने यांना उद्देशून लिहिलं, आणि तुमची गोष्ट बघून लिंकनचंच काहीतरी चुकलं असं तुम्हाला वाटतंय की काय, असा टोला हाणला. म्हणजे या चित्रपटापायी जाहीर बोल लावणारा मी काही पहिला नाही. उलट बाजूही होती. 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्यांच्या वर्तमानपत्रात हर्मन हिल यांनी चित्रपटामुळे दोन्ही समाजांतले संबंध सुधारतील असं लिहिलं. वाद होता, चांगला कडकडीत वाद होता. नव्हती ती एकमुखी पसंती.

आता त्या निदर्शनं करणाऱ्या संघटनेकडे परत येतो, कारण तिथे आमचा धागा आहे. त्याच १९४६ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकून गेलेल्या एका गृहस्थानं मुंबईहून अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, भारतातल्या अस्पृश्यांनाही तसाच विचार करायचा आहे, असा मजकूर. लिहिणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ड्यू बॉइस यांचं उत्तर ३१ जुलै १९४६ चं, मूर्स फोर्डच्या हत्याकांडानंतर सहाव्या दिवसाचं. त्यांनी सोबत धाडलं होतं नॅशनल निग्रो काँग्रेसचंच निवेदन. ज्या संघटनेचे कागद त्या उन्हाळ्यात आंबेडकरांच्या टेबलावर आले, तिचेच लोक त्या हिवाळ्यात तुमच्या चित्रपटाविरुद्ध फलक घेऊन उभे होते. ही दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अमहर्स्ट इथल्या संग्रहात आहेत, कुणीही वाचावीत. १९४६ चं माप हवं तर हे घ्या. मुंबईतही ते ठाऊक होतं. बरबँकमध्ये ते कुणाला ठाऊक नव्हतं, हे मी मानणार नाही.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि तो कडेकडेचा नाही, गाभ्याचा आहे. तो ससा.

ससेभाऊ लहान आहे, निःशस्त्र आहे, आणि कोल्हा नि अस्वल त्याला खायला टपलेत. त्याच्यापाशी आहे ती फक्त जीभ. पकडला गेला की तो गयावया करतो, काय वाट्टेल ते करा पण त्या काटेरी जाळीत टाकू नका. ते टाकतात, आणि हा हसत पळतो, कारण जन्मच त्या जाळीत गेलेला असतो. आमच्याकडे सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा ससा आहे, भोपळ्यात बसून वाघाला गुंगारा देणारी म्हातारी आहे. तेव्हा ही गोष्ट आम्हाला कुणी फोड करून सांगायला नको. मळ्यावर राबणारी माणसं रात्री आपल्या पोरांना मालकाच्या तावडीत जगायचं कसं ते शिकवत होती. हॅरिस यांनी ती कुठे ऐकली, हेही नोंदलेलं आहे. पोरवयात ते टर्नवोल्ड नावाच्या मळ्यावर छापखान्यात कामाला होते आणि तिथल्या जॉर्ज टेरेल यांच्यासारख्या गुलामांच्या खोपटांत बसून त्यांनी या गोष्टी कानात साठवल्या. गोष्टींवर नाव पडलं ते हॅरिस यांचं, नंतर तुमचं.

गंमत अशी की डांबराच्या पुतळ्याला हातपाय चिकटून बसणाऱ्या सशाची जी गोष्ट तुमच्या चित्रपटात आहे, तिचं एक भावंड आमच्या पाली जातककथांत सापडतं. पाच आयुधांचा राजकुमार एका चिकट केसांच्या यक्षाला हात, पाय आणि डोकं मारतो आणि प्रत्येक वेळी चिकटतो. गोष्ट भारतातून आफ्रिकेत गेली की कसं, यावर लोककथांच्या अभ्यासकांनी बरेच कागद खर्ची घातले आहेत. ते त्यांचं त्यांना लखलाभ. गोष्टी फिरतात, त्याचं काही नाही. तुम्ही तिचं केलंत काय, ते बघू.

चित्रपटातली पहिलीच गोष्ट घ्या. रात्रीचं खोपट, चुलीचा उजेड, शेजारी पळून जायला निघालेला जॉनी. कॅमेरा रीमसचं काम करणाऱ्या जेम्स बास्केट यांच्या चेहऱ्यावर येतो. पांढरी दाढी, मागे काळोख. ते दूरच्या एका दिवसाबद्दल सांगू लागतात, आणि सांगता सांगता मागचा काळोख एकदम उघडतो, लख्ख निळं चितारलेलं आकाश पसरतं आणि म्हातारा त्या चित्रात गात गात चालू लागतो. पुढे एक निळा पक्षी त्याच्या खांद्यावर येऊन बसतो. कॅमेरा ग्रेग टोलंड यांचा, 'सिटिझन केन'वालेच ते. आजही हे दृश्य बघताना माणूस क्षणभर सगळं विसरतो. विसरतो हीच तर अडचण. कारण रीमस ज्यासाठी ही गोष्ट सांगतोय ती शिकवण काय? ससेभाऊ घर सोडून निघतो, संकटात पडतो, शहाणा होऊन परततो. संकटापासून पळून जाता येत नाही, तेवढी लांब जागाच कुठे नाही. ही शिकवण जॉर्जियाच्या मळ्यावर, एका काळ्या म्हाताऱ्याच्या तोंडी! ज्या मुलखातून माणसं रात्रीच्या अंधारात, कुत्री मागे लागलेली असताना, उत्तरेकडे पळाली आणि पळाली म्हणून माणसं झाली, तिथे पळण्यात अर्थ नाही हे सांगायला तुम्हाला गुलामांचाच ससा सापडला. गोऱ्या मुलाचा रुसवा काढायला तुम्ही तो राबवला.

माझ्या मते चित्रपटाचा सगळ्यात मोठा गुन्हा हा. नोकरांचं लवून बोलणं, गाणी, मळ्यावरच्या आंट टेम्पीचं हसणं, हे त्याच्यानंतर. आणि हे आरोपपत्र लिहायला मला चित्रपट पाहावा लागला. तो मी पाहिला तुम्हीच ब्रिटनमध्ये विकलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरलेल्या कुठल्या तरी प्रतीवर, रंग विटलेले, आवाज घोगरा. जपानमध्ये तर तुम्ही लेझर डिस्कही काढली होती. आक्षेपार्हतेला बहुधा अमेरिकेबाहेर पासपोर्ट लागतो.

काळ्या लेखिका ॲलिस वॉकर यांचं म्हणणं मी टाळू शकत नाही. त्यांचं गाव इटनटन, जॉर्जिया, म्हणजे हॅरिस यांचंच गाव. या गोष्टी त्यांनी लहानपणी घरी आईवडिलांकडून ऐकलेल्या. मग गावातल्या थिएटरात, काळ्यांसाठी वेगळ्या राखलेल्या जागेत बसून त्यांनी हा चित्रपट पाहिला. १९८१ च्या निबंधात त्या लिहितात की आपल्याच वारशाची आपल्याला लाज वाटायला लागली, आणि चोरी झाली ती अशी. चित्रपट कुलुपात राहिलेलाच बरा असं ज्यांना वाटतं त्यांच्याजवळचा हा सगळ्यात भारी पुरावा, आणि तो बाजूला सारायचा अधिकार मला नाही. पण त्या निबंधात त्यांनी जे केलं ते करायला चित्रपट समोर असावा लागतो. त्यांनी तो पाहिला, त्याला नाव घेऊन आरोपी केलं. उद्याच्या इटनटनमधल्या मुलीला वॉकर वाचायला मिळतील आणि ज्याबद्दल त्या बोलतायत ते दिसणार मात्र नाही, ही कुठली तऱ्हा?

बरं, कुलूप तरी तुम्ही नीट लावलंत का? १९८६ ला शेवटचा खेळ, आणि १९८९ ला कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 'स्प्लॅश माउंटन' सुरू. लाकडाच्या ओंडक्यात बसून पाण्यातून धाडकन खाली यायचं, बाजूला ससेभाऊ, कोल्होबा, अस्वल, आणि चित्रपटातलं ते ऑस्कर मिळवलेलं गाणं. १९९२ ला फ्लोरिडात आणि टोकियोत. रीमस तेवढा वगळला. डांबराचा पुतळा वादग्रस्त म्हणून त्याच्या जागी मध आणला. कातडी सोलून मांस विकण्याचा धंदा याहून सफाईनं कुणाला जमला नसेल. म्हातारा लाजिरवाणा ठरला, त्याचा ससा मात्र तीस वर्षं तिकिटं विकत राहिला. २०२० च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसांकडून झालेल्या हत्येनंतर रस्ते निदर्शकांनी भरले असताना, तुम्ही जाहीर केलंत की ही फेरी बदलू. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या दोन्ही बंद झाल्या, २०२४ मध्ये त्यांच्या जागी टियानाची फेरी आली. टियाना ही तुमची पहिली काळी राजकन्या, चांगलंच झालं. टोकियोतला डोंगर तेव्हा तसाच ठेवलात.

तर हे कुलूप काळ्या मुलांच्या भल्यासाठी आहे असं मला पटवू नका. ते तुमच्या नावाच्या भल्यासाठी आहे. आणि त्याची सगळ्यात जास्त किंमत मोजतायत जेम्स बास्केट.

बास्केट अटलांटाच्या त्या पहिल्या खेळाला नव्हते. वर्णभेदाच्या कायद्यांच्या शहरात, ज्या थिएटरच्या पडद्यावर त्यांचा चेहरा दोन मजली होणार होता तिथल्या सोहळ्यात त्यांना बरोबरीनं वावरता आलं नसतं. सातच वर्षांपूर्वी, १९३९ च्या डिसेंबरात, 'गॉन विथ द विंड'च्या वेळी याच शहरानं त्यातल्या नटी हॅटी मॅक्डॅनियल यांच्याशी हेच केलं होतं. तुमच्या चित्रपटात आंट टेम्पी त्याच. बास्केट यांना १९४८ च्या मार्चमध्ये विशेष ऑस्कर दिलं गेलं. अॅकॅडमीकडून गौरव झालेला हा पहिला काळा पुरुष नट. जुलैत ते वारले, वय ४४. त्यांच्या आयुष्याची कमाई म्हणावी अशी भूमिका ही एकच, आणि ती तुमच्या कपाटात. रीमसबरोबरच कोल्होबाचा आवाजही त्यांचाच आहे हे किती जणांना माहीत असेल? एकच माणूस खुर्चीत बसून मान लववतो आणि चित्रांच्या दुनियेत शिरला की दात विचकून, शब्दांची गिरकी घेत, तोंडाळ, लबाड, भन्नाट बोलतो. त्या दोन आवाजांमधल्या अंतरावर एखाद्यानं प्रबंध लिहावा. माणसाला मिळालेलं काम वाईट होतं, त्यानं केलेलं काम वाईट नव्हतं. हा फरक दाखवायला सुद्धा चित्रपटच लागतो.

इतरांनी काय केलं तेही तुमच्या समोर आहे. 'गॉन विथ द विंड' एचबीओ मॅक्सनं २०२० च्या जूनमध्ये काढला आणि काही दिवसांत परत आणला, सोबत चित्रपटाच्या अभ्यासक जॅकलिन स्ट्यूअर्ट यांचं निवेदन जोडून. वॉर्नर ब्रदर्सनं जुन्या कार्टूनच्या डीव्हीडीवर हूपी गोल्डबर्ग यांना उभं करून सांगितलं की हे चूक होतं, तरी दाखवतोय, कारण लपवणं म्हणजे ते घडलंच नाही असं भासवणं. याच गोल्डबर्ग बाईंना २०१७ मध्ये तुम्ही 'डिस्ने लेजंड' म्हणून गौरवलंत, आणि त्यांनी तिथेच सांगितलं की 'साँग ऑफ द साऊथ' बाहेर काढा, तो कुठून आला आणि का आला यावर बोलू द्या. पाहुणीनं ताटावर बसून तोंडावर सांगितलं, यजमानांनी ऐकून घेतलं, बस्स. आणि पाटीची पद्धत तुम्हाला नवीन थोडीच आहे? 'डंबो'मधले कावळे, 'पीटर पॅन'मधले मूळ रहिवासी, 'ॲरिस्टोकॅट्स'मधलं मांजर, या सगळ्यांना डिस्ने प्लसवर तुम्ही इशाऱ्याची पाटी लावलीत आणि लहान मुलांच्या प्रोफाइलवरून हे चित्रपट काढलेत. सोय आहे, वापरूनही झाली आहे.

एक भीती मात्र खरी आहे. या चित्रपटाचे काही चाहते असे आहेत की त्यांना तो चित्रपट म्हणून नको, झेंडा म्हणून हवाय. बघा, आमचं गोड जुनं जग या लोकांनी दडपलं, असं म्हणत ते चोरट्या प्रती फिरवतात. ही जमात मला परकी नाही. आमच्या जुन्या कौटुंबिक चित्रपटांतही मालकाच्या पोराला खांद्यावर खेळवणारा, नाव नुसतं 'काका' असलेला, बायकापोरं नसलेला निष्ठावंत गडी असतो, आणि त्याची जात कोणती असं कुणी विचारलं की, 'कशाला जुनं उकरता, काय सोज्वळ चित्रपट होते ते!' म्हणून अंगावर येणारे असतात. तुमचा चित्रपट १९७२ मध्ये पुन्हा लागला आणि तडाखेबंद चालला. त्याच वर्षी मुंबईत, तुमच्याकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, दलित पँथर उभी राहिली. गोड जुन्या जगाची ओढ आणि त्याच्यावरचा संताप एकाच वेळी असतात, एकाच वर्षात असतात. तुम्ही चित्रपट दडवलात आणि त्यामुळे संताप करणाऱ्यांच्या हातात काही उरलं नाही, ओढ असलेल्यांना मात्र निषिद्ध खजिना मिळाला. एकदा उजेडात, मोठ्या पडद्यावर, नीट प्रतीत बघितला की त्यातला बराचसा भाग कंटाळवाणा आहे हेही लोकांना कळेल. आईवडिलांच्या प्रसंगांत तर डुलकी येते.

मागणं असं. मूळ निगेटिव्हवरून चांगली प्रत करा. मुलांच्या रांगेत ठेवू नका, बागेत खेळणी विकू नका. मोठ्यांसाठी, वाचनालयांसाठी, विद्यापीठांसाठी खुला करा. सोबत व्हाइट यांची तार, क्राउदर आणि हिल यांचे लेख, म्यूज यांची तक्रार, वॉकर यांची परवानगी मिळाली तर त्यांचा निबंध आणि टर्नवोल्डच्या खोपटांबद्दल जे काही माहीत आहे ते द्या. इशारा लिहायला आजचा वकील बसवू नका, १९४६ ची माणसं बोलू द्या. एनएएसीपीची कागदपत्रं वॉशिंग्टनला काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत. तुमच्या कंपनीला तिथवर माणूस पाठवणं जड जाऊ नये.

वेळ मात्र फार नाही. अमेरिकन कायद्याप्रमाणे ९५ वर्षांनी चित्रपटावरचा हक्क सुटतो, म्हणजे १ जानेवारी २०४२ ला 'साँग ऑफ द साऊथ' कुणाचाही होईल. 'स्टीमबोट विली'तला मिकी १ जानेवारी २०२४ ला मोकळा झाला, तेव्हा लगोलग त्याच्यावर भयपट जाहीर झाले होते. रीमसच्या वाटेवर कोण टपून बसलं असेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असणार. त्यांच्या प्रतीला तार जोडलेली नसेल.

कळावे,
पुण्याचा एक चित्रपटवेडा